दोन पुड्यांचा वानवळा

लुंबिनी सोनकांबळे सहा वर्षांची असताना तिनं देगलूरच्या घरामागं परातीएवढ्या जागेत भेंडीच्या बिया लावल्या होत्या, आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी त्या उकरून बघायची. कोंब आला का? किती आला? वाकडा का सरळ? पाचव्या दिवशी एकही बी जगलेलं नव्हतं. आई सुमनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं माय, जराशी कळ काढ की! झाकलेलं राहतंय म्हणून तर वर येतंय ते." पोरीला ते काही पटलं नाही. तिनं मग शेजारच्यांच्या बिया उकरल्या.

असल्या मुलीला पुढं काम मिळालं ते नेमकं कुणालाच काही कळू द्यायचं नाही असं.

नांदेडच्या एका धर्मादाय दवाखान्यात, नवजात बाळांच्या वॉर्डात ती नर्स आहे. पाच-सहा वर्षं नुसती नर्स होती. दीड वर्षापासून तिच्याकडं एका अभ्यासाचं काम आलंय. नव्या जन्मलेल्या बाळाच्या रक्तात जंतू शिरले की डॉक्टर त्याला सेप्सिस म्हणतात. बाळ दूध सोडतं, गार पडतं, मलूल होतं आणि बघता बघता हातचं जातं. त्यावर अँटिबायोटिक हा मुख्य इलाज, आणि तो प्रत्येक बाळाला मिळतोच. पण वेळेवर अँटिबायोटिक देऊनही काही बाळं जातात. मग जोडीला आणखी एखादं साधं औषध दिलं तर जास्त वाचतील का? हेच बघायला नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या दवाखान्यांनी मिळून हा अभ्यास मांडलेला. जोडीचं औषध म्हणजे जस्ताची पुडी, दिवसातून दोनदा. अर्ध्या बाळांच्या पुडीत जस्त, अर्ध्यांच्या पुडीत तशीच दिसणारी, तशीच गोड, नुसती भुकटी. पाकीट एक, रंग एक. फरक फक्त वरच्या आकड्याचा, आणि कोणत्या आकड्यात काय, ती यादी लातूरला एका कुलपातल्या कपाटात. ना लुंबिनीला ठाऊक, ना डॉक्टरांना, ना आईबापाला. ठाऊक असलं की माणसाची नजर फिरते. औषध दिलेलं बाळ उगीच टवटवीत दिसायला लागतं.

विष्णुपुरीला दोघी मायलेकी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. संध्याकाळी बुद्धवंदना झाली, सुमनबाईंनी उदबत्ती खोचली, की लुंबिनीचं सुरू. "आई, विचार कर, एवढीशी पुडी! ही जर लागू पडली ना, तर भोकरला ठेवता येईल, देगलूरला ठेवता येईल. मोठी मशीन नको, काही नको."

"अन् नाही लागू पडली तर?"

"तर तेही कळेल की! मग उगीच कुणाच्या लेकराच्या पोटात घालायला नको."

"म्हणजे दोन्हीकडून तुझीच जत्रा," असं म्हणून सुमनबाई भाकरी थापायला बसायच्या. पोरीच्या चेहऱ्यावरचं तेज बघून त्यांना बरं वाटायचं, आणि मनातून काळजीही वाटायची. इतका जीव लावून काम करणारं माणूस एखाद्या दिवशी पडतंच.

यंदा संक्रांतीच्या तीन दिवस आधी भोकरकडच्या एका खेड्यातून गुणाबाई आल्या. सोबत मुलगा भुजंग, सून रूपाली आणि शालीत गुंडाळलेली नऊ दिवसांची नात. हातपाय गार, ओठाला दूध लावलं तरी चोखेना. गुणाबाई तुरीची रास अर्धी टाकून निघालेल्या; लुगड्याला भुसा तसाच चिकटलेला. दवाखान्यात पाय ठेवल्यापासून त्या एकट्याच बोलत होत्या. भीती वाटली की काही माणसांचं तोंड मिटतं, गुणाबाईंचं उघडतं.

वॉर्डाचे डॉक्टर सुदर्शन बिरादार उदगीरकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बाळ बघितलं, तपासणीला रक्त घेतलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. मग लुंबिनी कागद घेऊन तिघांजवळ बसली. जोडीच्या पुडीत जस्त असेल किंवा नुसती गोड भुकटी, हे सगळं तिनं सांगितलं.

"जस्त?" गुणाबाई म्हणाल्या. "म्हंजे बादलीला असतंय ते?"

"तेच, आजी, पण खाण्याजोगं केलेलं."

"आवो सिस्टर बाई, नऊ दिसांचं लेकरू हाय, टमरेल न्हाई!"

भुजंग हसू दाबत खिडकीकडं बघायला लागला. लुंबिनी मोकळी हसली, आणि गुणाबाईंच्या जरा जवळ सरकली. "आजी, घरात चोर शिरला की सगळे काठ्या घेऊन उठतात ना? चोराला मारायला अँटिबायोटिक दिलंय. पण अंधारात घरचेच एकमेकाला काठ्या घालायला लागले तर? बाळाच्या अंगात तसं होतं. जंतू मरायला लागतात, पण आतला गोंधळ मिटत नाही. ही पुडी घरच्यांना भानावर आणते का, ते बघायचंय."

"आणते का, म्हंजे? आणते न्हाई?"

"तेच तर माहीत नाही. माहीत असतं तर सगळ्यांनाच दिली नसती का?"

गुणाबाईंनी तिच्याकडं नीट निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "माहीत न्हाई म्हणणारं माणूस दवाखान्यात आजच बघायले मी." आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "हे बघ लेकी. रूपालीची आधीची दोन पोटातच गेली. ही तिसरी. हिला मला जिती घिऊन जायचंय भोकरला. तुझी पुडी असू दे, न्हाईतर आणखी काही असू दे. जिती."

रूपाली बारावी शिकलेली. तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "कधीही नको म्हणता येतं ना?" लुंबिनी हो म्हणाली. मग तिनं सही केली.

"अन् आमच्या पुडीत काय हाय, हे कुणाला ठाव हाय?" गुणाबाईंनी शेवटचं विचारलं.

"लातूरला यादी आहे. कपाटात."

"लातूरला! आमच्या लेकराचं नशीब लातूरच्या कपाटात!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरवर पुनमचा मुलगा आला. पुनम देगलूरची, आईशी फोनवर तेलुगूत बोलणारी, नवऱ्याशी मराठीत भांडणारी. तिचं पहिलंच बाळ, त्यालाही तोच आजार. तिनंही सही केली. दोन बाळांच्या मधे हातभर अंतर, तेवढंच दोन आयांच्या मधे. संध्याकाळपर्यंत पुनम गुणाबाईंना आजी म्हणायला लागली होती, आणि गुणाबाई तिच्या डब्यात आपली शेंगदाण्याची चटणी घालायला लागल्या होत्या.

आता लुंबिनीची एक स्वतःची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातूनच घडलं. नियम असा होता की पुडी नर्सनं आईच्या काढलेल्या दुधात कालवायची आणि नळीनं बाळाला द्यायची. लुंबिनीनं बघितलं होतं, की वॉर्डातल्या आया दिवसभर काचेतून नुसत्या बघत बसतात. बाळाला घेता येत नाही, पाजता येत नाही, रिकाम्या हातांनी बाई अर्धी होते. म्हणून तिनं डॉक्टरांना गळ घातली: दूध काढायच्या खोलीत पुडी आईलाच कालवू द्या. मी समोर उभी राहते. डॉक्टर म्हणाले होते, "समोर उभ्या राहणार असाल तर." आणि खरंच, आयांच्या चेहऱ्यात फरक पडला. चमच्यानं ती पुडी ढवळताना त्या देवाजवळ नैवेद्य करावा तशा जपून ढवळायच्या. पहिले काही महिने लुंबिनी समोर उभी राहिली. मग दारात. मग येता-जाता. त्या आठवड्यात वॉर्डात बारा बाळं होती.

संक्रांतीचा दिवस उजाडला तो छान उजाडला. भुजंगनं गावाकडून तीळगूळ आणला होता. बाळाचे हात उबदार लागले, नळीतून दिलेलं दूध तिनं पोटात ठेवलं. पुनमचा मुलगा तर पाय झाडत होता. लुंबिनीला इतका आनंद झाला, की मनात म्हणून गेली, ही जस्ताचीच पुडी! लगेच तिनं जीभ चावली. असं मनातही म्हणायचं नाही, हाच तर या कामाचा धर्म.

दूध काढायच्या खोलीत गुणाबाईंनी तिच्या तळहातावर तीळगूळ ठेवला.

"काय आजी, आज लई खुशीत?"

"हाव तर! दोन्हीबी लेकरं सुधारून राहिली. अक्कल लढवली ना आम्ही."

"कसली अक्कल?"

रूपालीनं मान खाली घातली. पुनम एकदम दुपट्याची घडी घालायला लागली, घातलेली घडी मोडून पुन्हा.

"आवो, तुम्हीच म्हणला, एकात औषध, एकात साखर, कुणाला ठाव न्हाई. मंग म्या पुनमला म्हणलं, बाई, आमच्यात रानातून नवं काही आलं की आधी शेजारी वानवळा जातोय. हुरडा असू दे, वाळूक असू दे. एकट्यानं खायचं न्हाई. तर दोन्ही पुड्या एका वाटीत ओतायच्या, हलवायच्या अन् अर्ध्या अर्ध्या करायच्या. कुणाचंच लेकरू कोरडं राहायचं न्हाई. रानातबी आम्ही नुसतं सोयाबीन पेरत न्हाई, मधी तुरीचं तास घालतोय. एक गेलं तर एक येतंय!"

लुंबिनीच्या हातातला तीळगूळ हातातच राहिला. "कधीपासून?"

"परवा संध्याकाळधरून. चारदा झालं. अन् म्या चाखूनबी बघितल्या दोन्ही. दोन्ही गोडच. लई वस्ताद हाय तो लातूरवाला."

लुंबिनीला आधी हसू फुटलं. ते ओठावर यायच्या आतच विरलं. दोन्ही पुड्या जस्ताच्या असल्या तर काहीच बिघडलं नाही. दोन्ही गोड भुकटीच्या असल्या तरी नाही. एक जस्ताची आणि एक भुकटीची असली तर? तर या दोन बाळांनी जे घेतलं, ते अभ्यासात कुणीच घेतलेलं नाही, आणि कुठलं खरं हे कळायची सोय नाही. तिच्या डोक्यात आकडे भिरभिरायला लागले. एकीकडं घाम, एकीकडं ती जुनी खाज, आत्ता जाऊन ते कपाट उघडावं!

गुणाबाईंनी तिचा चेहरा वाचला. "चुकलं का काही?"

"चुकलं, आजी. पण तुमचं नाही."

"मंग आता पुडी बंद करतेत का हे लोक?" गुणाबाईंचा आवाज एकदम बदलला. त्यांनी लुंबिनीचं मनगट धरलं. "सांगू नको माय कुणाला. आजच्या दिवशी पोरगी गरम झाली. आत्ता हात काढू नका तिच्यावरचा. मी पाया पडते तुझ्या."

"पाया नका पडू, आजी."

"मंग सांगू नको."

त्या खोलीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत वीस पावलं आहेत. लुंबिनी ती दोनदा चालली. एकदा गेली आणि परत आली. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? वाट्या धुतलेल्या, पाकिटं बरोबर, तक्त्यावर तिच्याच सह्या. उद्यापासून समोर उभं राहायचं, झालं. पण संध्याकाळी आईशेजारी बसून पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, आवाज कसा काढायचा? आणि दीड वर्ष ज्या उत्तराची वाट बघितली, त्यात आपणच माती कालवायची? दुसऱ्या खेपेला ती थांबली नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "नियम कुणी मोडला?"

"मी मोडला, सर. आजींनी नाही. मी समोर नव्हते."

डॉक्टरांनी मान हलवून फोन उचलला. त्यांनी लातूरला शेषेराव सरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. शेषेराव सर अभ्यासाच्या आकडेमोडीचे प्रमुख. लुंबिनीनं त्यांना कधी बघितलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. ऐकता ऐकता पलीकडून आधी खोकला आला, मग हसण्याचा गडगडाट.

"म्हणजे नांदेडकरांनी भोगीची मिसळभाजी केली म्हणा! आमच्या लातुरात असलं खपत नाही हो, शिस्त आहे इथं." मग हसू थांबलं. "ऐका. दोन्ही बाळं अभ्यासात राहतील. ज्याच्या नावानं जी पुडी निघाली, ती त्याचीच धरायची. पण झालं ते जसंच्या तसं लिहा. तारीख, वेळ, किती खेपा. हे लपवलं असतं तर मला तुमच्या सगळ्याच कागदांवर संशय घ्यावा लागला असता, सिस्टर."

"पुड्या बंद नाही ना होणार, सर?" लुंबिनीच्या तोंडून निसटलं.

"कशाला बंद? ज्याची त्याला द्या. तुमच्या हातानं."

ती धावतच दूध काढायच्या खोलीत गेली. गुणाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. माहूरच्या रेणुकेचं नाव चाललं असावं. "आजी, पुडी चालू राहणार!" एवढं ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे लुंबिनीला चापट मारली. "धडधड वाढवलीस ना माझी!"

दुपारी लातूरहून परत फोन आला. या खेपेला शेषेराव सर हसत नव्हते. "बिरादार साहेब, तुमचं ऐकून इथंही चौकशी केली. इथल्या नर्सनंही पुड्या घरच्यांच्या हाती सोपवल्या होत्या, आणि निलंग्याची एक आजी तीन दिवस पुडी सुनेलाच खाऊ घालतेय. म्हणे बाळंतिणीनं खाल्लं की दुधात उतरतं."

डॉक्टर बिरादार कधी चेष्टा करत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "शिस्त आहे म्हणत होतात." सगळा वॉर्ड खळखळून हसला. त्या दिवसापासून दोन्ही गावांत पुडी नर्सनंच कालवायची, असं ठरलं. आयांनी आपलं बोट त्या वाटीला लावायचं आणि शेजारी उभं राहायचं, एवढी सवलत लुंबिनीनं भांडून मिळवली.

दुसरा दिवस करीचा. गुणाबाई म्हणाल्याच होत्या, आज नवं काही करू नका. सकाळी बाळाचा रंग उतरला. श्वास घेता घेता ती मधेच थांबायची. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा सुरू. पोट फुगलं. डॉक्टरांनी दूध थांबवलं, पुडी थांबवली, नाकाला हवेच्या नळ्या लावल्या.

"बघितलं?" गुणाबाई काचेपलीकडून ओरडल्या. "वाटून खाल्लं तवर बरी होती! वेगळं केलंत अन् हातची चालली माझी पोरगी! लातूरच्या कपाटापायी!"

तोच विचार लुंबिनीच्याही मनात चमकून गेला होता. पुनम पुढं आली, हात जोडून. "सिस्टर, आमची पुडी द्या तिला. अख्खी द्या. माझा आता दूध ओढायलाय, त्याला नको."

"पुनम, तिच्या पोटात आत्ता पाणीसुद्धा द्यायचं नाही. पुडीचं कामच नाही हे." आणि हे बोलता बोलताच तिच्या डोक्यात लख्ख पडलं. पुडीचं काम नाही. मग कशाचं? अँटिबायोटिक सुरू होऊन चार दिवस झाले. ते चाललं असतं तर पोरगी अशी खाली आली नसती. पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट कुठंय?

तिनं डॉक्टरांना विचारलं. ते आधीच फोनच्या मागं होते आणि प्रयोगशाळेत कुणी उचलत नव्हतं. लुंबिनी जिना उतरून धावली. दोन पायऱ्या एकदम, पांढऱ्या बुटांचा आवाज करत. प्रयोगशाळेतले निवृत्तीराव चष्मा पुसत म्हणाले, "सणाचं मागं पडलंय थोडं, टाइप करायचं राहिलं."

"हातानं लिहून द्या."

"अहो पण शिक्का..."

"निवृत्तीमामा, ती श्वास घ्यायचं विसरायलीय!"

त्यांनी लिहून दिलं. जंतू उगवला होता, आणि सुरू असलेल्या अँटिबायोटिकला दाद देत नव्हता. दुसऱ्या एका औषधाला देत होता. चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात पडली, आणि दहा मिनिटांत नवी सलाइन बाळाच्या अंगात थेंब थेंब उतरायला लागली.

मग लुंबिनी गुणाबाईंच्या शेजारी फरशीवर बसली. खुर्ची होती, पण फरशीवर बसली. "आजी, चोरावर ही काठी चालतच नव्हती. आता दुसरी आणलीय."

"अन् पुडी?"

"दूध परत सुरू झालं की पुडीही. पण ती जोडीला. नांगर ओढायचं काम या नव्या औषधाचं."

गुणाबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. पण डब्यातली भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढं सरकवली.

तो दिवस, पुढचा दिवस. विष्णुपुरीला सुमनबाईंनी वंदनेत त्या नाव नसलेल्या पोरीसाठी वेगळं मंगल मागितलं. श्वास थांबणं आधी तासाला चार वेळा होतं, मग दोन, मग दुपारभर नाहीच. पोट मऊ झालं. नळीतून चमचाभर दूध गेलं, ते राहिलं. पुडी परत सुरू झाली, लुंबिनीच्या हातानं, रूपालीचं बोट वाटीला लावून. आणि तिसऱ्या सकाळी तपासणीचं रक्त घ्यायला लुंबिनीनं बाळाच्या टाचेला सुई लावली, तेव्हा बाळानं तोंड वासलं, लालबुंद झालं आणि असं काही रडलं, की शेजारची तीन बाळं दचकून त्याच सुरात सामील झाली.

आल्यापासून ती रडलेलीच नव्हती!

"रडली!" काचेपलीकडं रूपाली ओरडली. इतक्या दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "आत्याबाई, रडली!"

"ऐकू येतंय, बहिरी न्हाई मी!" गुणाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून स्वतः हमसून हमसून रडायला लागल्या. पुनम त्यांना धरून एकाच वेळी तेलुगूत आणि मराठीत काहीतरी सांगत होती. डॉक्टर बिरादारांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, आणि उगीचच परत लावला. दोन दिवसांनी बाळ आईच्या अंगाला लागलं. आधी तोंड फिरवलं, मग चाचपलं, मग चिकटलं ते सुटेचना. महिना संपता संपता औषधं पुरी झाली आणि मंडळी भोकरला निघाली.

जाताना गुणाबाईंनी विचारलंच. "आता तरी सांग. आमच्या पुडीत काय होतं?"

"शपथेवर सांगते आजी, माहीत नाही. दोन्ही गावांतली सगळी बाळं पूर्ण झाली की कपाट उघडणार. अजून वर्ष जाईल."

"वर्ष! तुला दम कसा निघतोय गं?"

"नाही निघत," लुंबिनी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पण अभ्यासात बाळ घरी गेलं म्हणजे संपत नाही. पहिल्या पुडीपासून अठ्ठाविसाव्या दिवशी ते परत दाखवायचं, आणि शेवटच्या कागदावर एक मुख्य प्रश्न असतो. बाळ जिवंत आहे का? हो, नाही. दोन चौकटी. बाकी वजन-उंची त्यानंतर.

तो दिवस नेमका सात फेब्रुवारीला आला, रमाई जयंतीला. सुमनबाई सकाळीच पांढरं लुगडं नेसून तयार होत्या. दुपारी चारला मिरवणूक, लुंबिनीनं तिथं यायचं ठरलेलं. दहाच्या गाडीनं येतो म्हणून भुजंगचा निरोप होता. दहा वाजले. अकरा. भुजंगचा फोन बंद. रूपालीचा बंद. बारा वाजता लुंबिनीनं तेरावा फोन लावला. पुनमचा मुलगा पुढच्याच दिवशीचा, पण सुट्टी बघून पुनम त्याला सकाळीच घेऊन आली होती. लातूरला विचारून त्याचं वजन झालं, कागद झाला, पण ती जायला तयार नव्हती. "मी थांबते, सिस्टर," ती बाकावर बसून म्हणाली. दोघीही एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या. थंडीत नवजात पोर. घरी परत जंतू लागतो. वाटेत काही होतं. लुंबिनीनं अशा वेळी पलीकडून आलेले फोन याआधी घेतलेत, "नाही" ची चौकट भरलेली आहे. एक वाजला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दोन वाजता लुंबिनीनं गावच्या आशाताईचा नंबर शोधायला वही काढली, आणि पुनमशेजारी बसून पानं उलटायला लागली.

जिन्यातून आधी आवाज आला, माणसं नंतर.

"आवो, किती पायऱ्या केल्यात, माणूस बरं व्हायला येतंय का मरायला!"

लुंबिनी बाकावरून अशी उठली, की वही खाली पडली. गुणाबाई पुढं, मागं रूपाली, आणि रूपालीच्या खांद्यावर टोपडं घातलेलं, जागं, डोळे वटारून दिव्याकडं बघणारं बाळ.

"आजी! फोन का बंद ठेवलात? किती वाजले?"

"ओरडतीस काय? लेकरू दचकंल! तुरीचा टेम्पो नांदेडला येणारच होता, मंग त्यातच बसलो. आधी मोंढ्यात तूर उतरली, तिथं ही रांग, भुजंग अजून तिथंच हाय. अन् भुजंगच्या फोनची चार्जिंग उतरली, रूपालीचा घरीच बंद पडलाय, त्याला मी काय करू?"

"अहो, मी इथं..." लुंबिनीनं खाली पडलेली वही तशीच ओलांडली. तिनं हात पुढं केले. बाळ चांगलंच जड लागलं. काट्यावर ठेवलं तर तीन किलो चाळीस ग्रॅम. पुनम टाळ्या वाजवायला लागली.

"नाव काय ठेवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं नाव? नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या बसली हैदराबादला, तिला सुट्टी न्हाई," गुणाबाई म्हणाल्या. "तवर ही नुसती बाई."

लुंबिनीनं कागद पुढं ओढला. "रूपालीचं बाळ" एवढंच त्यावर नाव होतं. "हो" च्या चौकटीत तिनं खूण केली. पेन इतकं दाबलं गेलं, की खूण खालच्या पानावरही उमटली.

"लिहिलं का?" गुणाबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"लिहिलं."

"काय लिहिलं?"

"आहे म्हणून."

"आहे! एवढंच? जिती हाय, वरून घर डोक्यावर घेतीय, आईला घासभर जेवू देत न्हाई, काल माझं कुंकू पुसलं हातानं. ते कोण लिहिणार?"

"त्याला चौकट नाही, आजी."

"मंग कडंला लिही!"

कागदाच्या तळाशी टिप्पणीचा रकाना असतो. दीड वर्षात तो कुणी फारसा भरलेला नाही. लुंबिनीनं एकदा डॉक्टरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे हरकत नव्हती. बाळाला डाव्या हातावर सावरून तिनं उजव्या हातानं लिहायला घेतलं, आणि गुणाबाई सांगत राहिल्या.